शशीआत्याचा तक्ता क्रमांक सात

आमच्या घराण्यात पीएचडी एकच झाली, आणि तीसुद्धा लोक शिक्षण अर्ध्यावर का सोडतात या विषयावर. आमचं घराणं पाहता हा विषय घरबसल्या उरकण्यासारखा होता. काका सातवीत थांबले, वडील अकरावीला तीनदा बसले, आणि मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात इतका रेंगाळलो की कॉलेजचा शिपाई मला नवा प्राध्यापक समजून गुड मॉर्निंग करायला लागला होता. पण शशीआत्याने आमच्यापैकी एकालाही आपल्या प्रबंधात घेतलं नाही.

"तुमची कारणं मला पाठ आहेत," ती म्हणायची. "शिवाय तुम्ही सोडलं म्हणण्यासाठी आधी धरायला तर हवं होतं."

शशीआत्या म्हणजे डॉ. शशिकला घाग, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. युनिव्हर्सिटीत प्रौढ शिक्षण शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं माझ्या बायकोने, वैशालीने, एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "दोन-तीन जण आले होते गं. पण सगळ्यांचे प्रश्न तेच. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही." पुढचा प्रश्न हे तिचं दैवत होतं. पहिल्या प्रश्नाला माणूस आपल्याला खूश करणारं उत्तर देतो, खरं उत्तर पुढच्या प्रश्नाला येतं, असं ती म्हणायची. हे ती कुठे आणि कशी शिकली, ते कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

तिला जाऊन आता वर्ष होईल. डोळ्यांपुढे येते ती अशी: पाच फुटांच्या आत उंची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली दोन लाँगबुकं आणि एक लहान विळी. संशोधकाच्या पिशवीत विळी कशाला? तर समोरची बाई कामात असली की आत्या तिच्या शेजारी बसायची आणि तिच्याबरोबर काम करायला लागायची. "रिकाम्या हाताच्या माणसाशी कोणी खरं बोलत नाही नंदू. तुझ्याशी पतपेढीत कोण खरं बोलतं?" मी तिथे कर्जाचे फॉर्म तपासतो, त्यामुळे मान्य करावं लागलं.

या पद्धतीचे परिणाम आम्हाला भोगावे लागायचे. उत्तनच्या कोळीवाड्यात जाऊन बायकांबरोबर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडून आली की वासामुळे बसमध्ये तिच्या शेजारची जागा भाईंदरपर्यंत रिकामी राहायची, आणि मग ती थेट आमच्याकडे जेवायला. हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं भरणाऱ्या बायकांची माहिती घ्यायला गेली, तेव्हा तीही झाकणं भरत बसली. तिथला सुपरवायझर मागून आला आणि ओरडला, "ए मौसी, हाथ चलाओ, मुँह नहीं!" आत्या त्या दिवशी आमच्याकडे आली ती लॉटरी लागल्यासारखी. "मला ओरडला! वैशाली, मला ओरडला तो! म्हणजे मी बाहेरची दिसत नव्हते!" नियमाप्रमाणे विभागाचं परवानगीपत्र तिच्या पिशवीत होतं, ते तिने बाहेर काढलंच नाही. तीस-चाळीस झाकणं वाकडी बसवली होती, ती तेवढी दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ करून आली.

तिची आणखी एक रीत होती. कोणाचंही बोलणं लिहून घेतलं की छापायच्या आधी ते त्याच माणसाला जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचं. तो खोड म्हणाला तर खोडायचं. का, असं विचारायचं नाही. तिचे विद्यार्थी या नियमाने रडकुंडीला यायचे. सहा महिने खपून आणलेली मुलाखत एखादी बाई एका झटक्यात "नको बाई, काढा ते" म्हणून पुसून टाकायची. विद्यार्थी म्हणायचे, मॅडम, याला काही अर्थ आहे का? आत्या म्हणायची, "अर्थ तिचा आहे. आपला फक्त कागद."

या नियमाचा प्रसाद मलाही मिळाला. वैशालीने लग्नाआधी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. आत्याने तिला एका शब्दाने कधी 'पूर्ण कर' म्हटलं नाही. एकदा फक्त विचारलं, "सोडलंस ते मला ठाऊक आहे. त्या वेळी धरलंस काय?" वैशाली भाजी चिरता चिरता थांबली, आणि पुढच्या जूनमध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने फॉर्म भरला. आत्याचं तेव्हा उशिरा पदवी घेणाऱ्या बायकांवर काम चाललं होतं. रविवारी आमच्याकडे जेवायला यायची आणि लाँगबुकात काहीतरी टिपायची. मला वाटायचं, वैशालीबद्दल असेल. मग एका रविवारी म्हणाली, "नंदू, बस. तुला तुझं वाचून दाखवायचंय."

माझं?

"'प्रतिसादक क्रमांक नऊ. पती सहकार्य करतात. कुकर लावतात. मात्र कुकर लावण्यापूर्वी, लावताना व लावल्यानंतर घरात तशी घोषणा करतात.'"

वैशाली तोंडाला पदर लावून आत पळाली.

"आत्या, घोषणा काढ," मी म्हणालो. "तुझा नियम आहे."

"बोललेलं खोडता येतं," आत्या म्हणाली. "केलेलं नाही."

ते तसंच छापलं गेलं. मासिकाच्या ज्या अंकात छापलं तो वैशालीने जपून ठेवलाय. तिच्या पदवीच्या सर्टिफिकेटाखाली.

आता शाब्बासकीचं सांगतो. लहानपणी शशीआत्या म्हणजे शाब्बासकीची खाण होती. पाढा म्हटला, शाब्बास. नाक स्वतःहून पुसलं, शाब्बास. वर पेपरमिंटची गोळी. मी दहावी पास झालो तेव्हा आम्ही भाईंदरला दोन खोल्यांत राहायचो. आत्या पेढे घेऊन आली, माझी मार्कशीट नीट वाचली, आणि म्हणाली, "कुठला प्रश्न सोडवताना मजा आली?" बस्स. शाब्बास नाही, पाठीवर थाप नाही. शेजारची मंदा माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन तिथेच उभी होती, तिलाही नाही. मला वाटलं, मार्क कमी पडले. मग बारावीला वाटलं, याही खेपेला कमी पडले. बी.कॉम.ला तर शंकाच नव्हती. त्यानंतर आत्याने कोणालाच शाब्बास म्हटलेलं मी ऐकलं नाही, पण ते माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. आपलं कौतुक झालं नाही हे माणसाच्या लक्षात राहतं. दुसऱ्याचंही होत नाही हे कोण बघतो?

आत्या निवृत्त होऊन जेसल पार्कला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला लागली. काही वर्षं गेली आणि विभागाने ठरवलं की घागमॅडमचा सत्कार करायचा आणि त्यांचा जुना प्रबंध पुस्तकरूपाने काढायचा. उत्तनमधल्या साक्षरता वर्गांवरचा तो प्रबंध त्या विषयात फार मानला जायचा. विशेषतः त्यातला तक्ता क्रमांक सात. वर्ग सोडण्याची कारणं. पहिलंच, सगळ्यात मोठं कारण: पतीचा विरोध. हा तक्ता किती पुस्तकांत गेला, किती भाषणांत गेला, याची मोजदाद आत्यालाही नव्हती. तिचे मार्गदर्शक सर तर हयात असेपर्यंत प्रत्येक भाषणात तो सांगायचे. आत्याने फक्त चार पानांची नवी प्रस्तावना लिहून द्यायची होती.

ती चार पानं काही होईनात. विभागातून फोन यायचे, आत्या म्हणायची, लिहितेय. आमच्याकडे जेवायला यायची आणि वरणभात चिवडत बसायची. शेवटी म्हणाली, "माझा हात थरथरतो. नंदू, तू टाईप कर." हात थरथरत वगैरे काही नव्हता. पण मी लॅपटॉप घेऊन जेसल पार्कला गेलो. मी दोन बोटांनी टाईप करतो, आणि तीही एकाच हाताची. आत्या खिडकीपाशी उभी राहिली आणि सांगायला लागली.

"लिही. 'या प्रबंधातील तक्ता क्रमांक सात चुकीचा आहे.'"

मी 'चुकीचा'पर्यंत आलो आणि थांबलो. "छपाईची चूक?"

"माझी चूक," आत्या म्हणाली. "तेहतीस वर्षं माहीत आहे मला."

मग तिने सांगितलं ते असं. डिग्री मिळाल्यावर ती आनंदाने बाइंडिंग केलेला प्रबंध घेऊन उत्तनला गेली होती. ती स्वतः शिकवायची त्या वर्गातल्या बायकांना जमवून तिने तक्ता सात वाचून दाखवला. बायका हसल्या, बोंबील सुकवत होत्या त्या कामाला परत गेल्या. एकटी रोझाबाय मागे राहिली. रोझाबाय म्हणजे त्या वर्गातली सगळ्यात वयस्कर, पंचेचाळिशीची कोळीण. तिची सून सिसिल वीस वर्षांची, तीही त्याच वर्गात. सासू-सुना एकाच चटईवर बसून शिकल्या तर घर शिकतं, ही आत्याचीच लाडकी कल्पना होती.

रोझाबाय म्हणाली, "बाय, नवरा माजा कंदील घेऊन मना वर्गाला सोडाला यायचा. तो कसा न्हाय म्हनेल?"

"मग मला नवऱ्याचं का सांगितलंस?"

"तू पावनी. पावनीला तोंडावर कसा सांगाचा? नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याला काय कलतंय? तो दर्यावर."

आणि मग खरं कारण. सिसिल भराभर वाचायची. रोझाबाय अडखळायची. आणि आत्या, आमची शाब्बासकीची खाण, सिसिलच्या प्रत्येक ओळीला सासूसमोर शाब्बास म्हणायची. आधी रोझाबाय यायची थांबली. सासू घरात असताना सून वर्गाला जाणार कशी? मग सिसिल थांबली. पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरात तेच. आणि आत्या फॉर्म घेऊन विचारायला आली, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या नवऱ्यावर ढकललं. अर्ध्या गावातल्या नवऱ्यांना पत्ताही नव्हता की युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत ते खलनायक म्हणून बसलेत.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"नोकरी त्या तक्त्यावर लागली होती. मग सर होते. ते भाषणात सांगायचे तेव्हा मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसायचे, लोकांना वाटायचं विनय आहे. मग सर गेले. तोवर सवय झाली होती." ती खिडकीतून वळली. "आणि आता ते पुस्तक काढतायत. एकदा पुस्तक झालं की मी गेल्यावरही ते तसंच राहणार."

माझी दहावीची मार्कशीट माझ्या डोळ्यांपुढे आली. म्हणजे मार्क कमी पडले नव्हते! या वयात माणसाला किती हलकं वाटावं याला काही मर्यादा असावी, पण मला वाटलं.

प्रस्तावना दोन दिवसांत झाली. छापायला द्यायची तेवढी राहिली. पण आत्याने कागद पिशवीत घातले. "रोझाबायला वाचून दाखवायला हवं."

तिथे माझ्या लक्षात आलं की पेच कुठे आहे. बाकीच्या बायकांतल्या काही गेल्या, काही लांब राहायला गेल्या. खरं कारण सांगणारी एकटी रोझाबाय, आणि तिनेही ते एकट्या आत्याला, सुनेच्या माघारी सांगितलेलं. ती 'खोड' म्हणाली तर नियमाप्रमाणे खोडायचं. म्हणजे चुकीचा तक्ता तसाच राहणार.

"नाही वाचून दाखवलं तर?" मी म्हणालो. "तिला काय कळतंय?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तिचा नवरा दर्यावर, त्याला काय कळतंय, तसंच ना?"

आम्ही भाईंदर पश्चिमेहून बसने उत्तनला गेलो. आत्या वाटभर पिशवीतले कागद चाचपत होती. रोझाबाय आहे की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. फोन नंबर नव्हता, आणि असता तरी तिने केला नसता. 'आहे' ऐकायची जेवढी भीती, तेवढीच 'नाही' ऐकायची.

रोझाबाय होती. ऐंशीच्या आसपासची, अंगणात खुर्चीवर, पायाशी मांजर. शेजारी सुकटाची चादर पसरलेली आणि ती हलवत बसलेली सिसिल, आता स्वतः पंचावन्नच्या आसपासची. आत्याने पिशवी खाली ठेवली, नेहमीप्रमाणे जमिनीवर बसली.

"कोन गो?" रोझाबाय म्हणाली.

"मी. फळ्याची बाई."

"अगो, म्हातारी झालीस!"

आत्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं, पण तेवढ्यापुरतंच. ती हळूच म्हणाली, "रोझाबाय, तू मला एकदा एक सांगितलं होतंस. ते छापायचंय. तुला एकटीला वाचून दाखवते. नको वाटलं तर काढेन."

"एकटीला कशाला? सिसिल बसंल हितंच."

"तिच्याबद्दल आहे."

"मंग तं बसूच दे."

मला मांजराला सुकटापासून दूर ठेवायचं काम मिळालं. तेही मला नीट जमत नव्हतं. आत्या वाचायला लागली. आवाज शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखा. तक्ता, नवरे, चटई, शाब्बास, सगळं. 'रोझाबायला सुनेसमोर लाज वाटली आणि तिने वर्ग सोडला' या वाक्यापाशी रोझाबायने हात वर केला.

"थांब. ह्यात खोटं हाय."

आत्याच्या हातातला कागद खाली आला. मीही मांजर सोडलं.

"लाज न्हाय वाटली मना," रोझाबाय म्हणाली. "राग आयला. तुजा बी, हिचा बी. लाज काढ. राग लिव."

आत्याने पेन्सिल काढली, लाज खोडली, राग लिहिला. कधी कोणाचं बोलणं इतक्या खुशीने खोडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

सिसिल चादरीवरून हात न काढता म्हणाली, "मना म्हाईत होता. म्हनून मी मुद्दाम चुकायची. फळ्यावर उलटं लिवायची. तरी बाय शाब्बासच म्हनायची!"

"मेल्ये, सांगितलं न्हाईस कदी!" रोझाबाय.

"तू कदी इचारलंस?"

आणि त्या दोघी हसायला लागल्या. आत्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, अगदी हळू: "वर्ग सोडलास सिसिल, मग काय धरलंस?"

"हिलाच धरलं," सिसिल म्हणाली. "मी हिला रोज प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवतंय. चुकलं तर वरडतंय मना, पाठ हाय तिला सगळं."

सगळं वाचून झालं. आत्याने विचारलं, "काही खोडायचं?"

रोझाबायने नाही म्हणून मान हलवली. मग खुर्चीतून जरा पुढे वाकली आणि आम्हा सगळ्यांसमोर, सिसिलसमोर, मांजरासमोर, ज्याने तोवर तोंडभर सुकट पळवलं होतं, मोठ्याने म्हणाली, "बरं वाचलंस गो. शाब्बास!"

आत्या इतकी हसली की चष्मा काढावा लागला. चष्मा काढल्यावर बराच वेळ पदराने डोळे पुसत होती, आणि मी मांजर शोधायला गेलो.

परतीच्या बसमध्ये ती तोंड उघडं टाकून झोपली. माझ्या खांद्यावर. आमच्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या होत्या, कारण तिच्या पिशवीत सिसिलने दिलेलं किलोभर सुकट होतं.

पुस्तक निघालं, प्रस्तावनेसकट. सत्काराच्या वेळी एका तरुण प्राध्यापकाने उठून विचारलं, "मग मॅडम, तुमची पदवी?" आत्या म्हणाली, "मागितली तर देते. भिंतीवर लावलीय, नंदू स्टूल घेऊन काढेल." कोणी मागितली नाही. उलट दोन मुली नंतर तिच्या घरी आल्या, त्यांना आपल्या संशोधनातल्या मुलाखती पुन्हा घ्यायच्या होत्या, पुढच्या प्रश्नासकट.

त्यानंतरची आत्या वेगळीच होती. वरणभात पूर्ण संपवणारी. जेसल पार्कच्या आपल्या सोसायटीच्या ऑफिसात तिने वर्ग काढला, मोबाईलवर मेसेज लिहायला शिकवण्याचा. सासवांचा मंगळवारी, सुनांचा गुरुवारी. चुकून एखादी सून मंगळवारी आली तर आत्या तिला दारातूनच परत पाठवायची.

ती मला शेवटची धडधाकट दिसली ती अशाच एका मंगळवारी. तिला आमच्याकडे न्यायला गेलो होतो. दार अर्धं उघडं होतं. आत तिसऱ्या मजल्यावरच्या मंजूबेन, सत्तरीच्या, मोबाईलवर एकेक अक्षर दाबत होत्या. कपाळावर घाम. शेवटचं बटण दाबलं आणि घाबरून फोन लांब धरला.

"मॅडम, गया क्या?"

"गया."

"सच्ची गया?"

तेवढ्यात फोन वाजला. नातवाचं उत्तर आलं होतं. मंजूबेन त्या फोनकडे बघतच राहिल्या. आत्याने खोलीभर एक नजर फिरवली. बाकीच्या बायका आपापल्या फोनात बुडालेल्या. मग ती मंजूबेनच्या खुर्चीमागे गेली, खाली वाकली, आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. एकच शब्द असावा. मंजूबेनचा चेहरा पाढा बरोबर आलेल्या पोरीसारखा झाला.

आत्या सरळ झाली, आणि तिला दारात मी दिसलो.

"काय म्हणालीस गं तिला?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" आत्या म्हणाली. "माझ्या चपला शोध."